बाइकला अलार्म बसवताना: वायर कुठली, अर्थ कुठे, आणि रात्री बोंबलला तर काय

रात्री अडीचला पार्किंगमध्ये सायरन सुरू झाला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून हाक मारली, "अहो, तुमचीच गाडी आहे ना ती? बघा की जरा!" मी खाली गेलो. पाऊस भुरभुरत होता, गाडीजवळ कोणी नव्हतं, हँडल लॉक जसाच्या तसा. रिमोटने बंद केला, वर आलो, वीस मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी सीट उघडून अलार्मचा कपलरच, म्हणजे वायरींचा जोडणारा प्लग, काढला आणि झोपलो.

सकाळी साइड कव्हर काढल्यावर कारण दिसलं. अलार्मची काळी वायर फ्रेमच्या एका बोल्टखाली नुसती गुंडाळून दाबलेली होती. बोल्टखालचा काळा रंग तसाच होता, वायरीच्या टोकाला रिंग टर्मिनल (बोल्टखाली बसणारी गोल कडी) सुद्धा नव्हतं, आणि तांब्याच्या तारांवर हिरवी पूड धरलेली. ज्या दुकानात पंधरा मिनिटांत अलार्म बसवून मिळाला होता, तिथल्या घाईची ही खूण. गाडी गरम-थंड झाली, ओल आली की अर्थ, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसला परतायची वाट, तुटायची, अलार्मचा सप्लाय क्षणभर जायचा, आणि परत आला की अलार्मचा डबा समजायचा कुणीतरी बॅटरी काढतंय.

त्या दिवशी सगळं उपटून मी स्वतः नव्याने जोडलं. नंतर भावाच्या, मित्रांच्या, सोसायटीतल्या गाड्यांना बसवत गेलो. या सगळ्यांत डबा बिघडलेला फार क्वचित सापडला. बिघडलेला सापडतो तो जोड. म्हणून या लेखात मी अर्थ, जोड आणि बॅटरीवर जास्त वेळ घालवणार आहे. रिमोटवरची बटणं कंपनीच्या कागदात वाचून कळतात.

उदाहरणाला माझी होंडा युनिकॉर्न धरली आहे: १५० सीसी, कार्ब्युरेटरची, सेल्फ आणि किक दोन्ही असलेली. हिरो होंडाच्या काळापासूनच्या स्प्लेंडर, पॅशनमध्येही वायरींचे रंग बहुतांशी याच पद्धतीचे आहेत. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांसाठी काय वेगळं करायचं ते त्या-त्या ठिकाणी सांगतो.

विकत घेण्याआधी

साध्या किटमध्ये एक काळा डबा म्हणजे कंट्रोल युनिट, एक सायरन, दोन रिमोट आणि वायरींचा एक गुच्छ असतो. धक्का ओळखणारा सेन्सर बहुतेक वेळा डब्याच्या आतच असतो. घेताना तीन गोष्टी बघा. डब्यात वायर शिरते तिथे रेझिन किंवा रबर भरून बंद केलंय का. जोडणीची आकृती सोबत आहे का. नसेल तर घेऊ नका, कारण किटच्या वायरींच्या रंगांना कसलाही नियम नाही. आणि रिमोटचा कोड फिक्स आहे की रोलिंग.

हा कोडचा मुद्दा दुकानात कोणी सांगत नाही. स्वस्त रिमोट प्रत्येक वेळी तोच एक कोड पाठवतो, आणि तसा रिमोट कॉपी करून देणारं साधन बाजारात सहज मिळतं. रोलिंग कोडवाल्या रिमोटमध्ये दर वेळी कोड बदलतो, त्यामुळे हवेतून पकडलेला जुना कोड पुन्हा चालत नाही. थोडे पैसे जास्त पडले तरी रोलिंग कोडचाच घ्या.

अलार्म काय करत नाही, तेही आधी मनात पक्कं असू द्या. चार जणांनी गाडी उचलून टेम्पोत टाकली तर सायरन वाजत-वाजत गाडी जाईल. हँडल लॉक आणि खांबाला किंवा ग्रिलला बांधलेली जाड साखळी हेच खरं कुलूप आहे. अलार्म त्या साखळीला हात लागल्याची वर्दी देतो, एवढंच.

वॉरंटीतली गाडी असेल तर मूळ वायरिंगला कात्री लावण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा. विम्याचं म्हणाल, तर पुण्याच्या एआरएआय या संस्थेने मान्य केलेल्या चोरीविरोधी उपकरणालाच ओन डॅमेज प्रीमियमवर (आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यावर) सूट मिळू शकते. ऑनलाइन मागवलेल्या साध्या किटवर ती धरू नका.

एक सुविधा मात्र मी कुणाच्याही गाडीला जोडून देत नाही: रिमोटने इंजिन चालू करणं. गिअरवाली गाडी पहिल्या गिअरमध्ये उभी राहिली असेल आणि घरातून बटण दाबलं, तर गाडी स्टँडवरून उडी मारून पुढे जाऊ शकते. पुढे कोण उभं असेल ते वरून दिसत नाही. तळघरातल्या पार्किंगमध्ये बंद जागेत धूर साठतो तो वेगळाच धोका. त्या सुविधेच्या वायरी एकेक करून टेपने बंद करा आणि बांधून ठेवा. सगळ्या एकत्र गुंडाळू नका, आत टोकाला टोक लागलं तर नवीनच दुखणं सुरू होतं.

सामान

१० नंबरचा पाना, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, वायर सोलायचं कटर, सोल्डरिंग गन, श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी), चांगल्या प्रतीची इन्सुलेशन टेप, केबल टाय, रिंग टर्मिनल, साडेसात अँपिअरचा पात्याचा फ्यूज आणि त्याचं होल्डर, पॉलिश पेपरचा तुकडा, थोडं व्हॅसलीन. आणि डिजिटल मल्टिमीटर. मीटर नसेल तर काम सुरूच करू नका, तीन-चारशे रुपयांचाही चालतो. बल्ब लावलेला टेस्टर बीएस-६ गाडीत वापरू नका. त्या बल्बमधून जाणारा करंट ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या) नाजूक लाइनला झेपेलच असं नाही.

वायर जोडायला मिळणाऱ्या निळ्या प्लास्टिकच्या क्लिप, ज्या नुसत्या दाबल्या की झालं, त्या घेऊ नका. आतलं पातं तारेचे काही धागे कापतं, पावसाचं पाणी आत शिरतं आणि वर्षभरात जोड हिरवा पडतो.

आधी टेबलावर

गाडीला हात लावण्याआधी किट टेबलावर जोडून बघा. लाल वायर बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला, सायरनचा कपलर जागेवर. रिमोट दाबा, लॉक होतो का, डब्यावर टिचकी मारल्यावर वाजतो का, दोन्ही रिमोट चालतात का. सायरनवर जुना टॉवेल गुंडाळा, नाहीतर बंद खोलीत कान सुन्न होतात.

इथेच एक चाचणी आणखी करायची. सप्लाय काढा, मीटर बझरवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो त्या खुणेवर) ठेवा, आणि किटच्या दोन इंडिकेटर वायरींना दोन टोकं लावा. मग टोकांची अदलाबदल करून पुन्हा लावा. बझर वाजला तर या दोन वायरी डब्याच्या आत एकत्र आहेत. हे लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

रंगांचा घोळ

बहुतेक किटमध्ये काळी वायर म्हणजे अर्थ. होंडा आणि हिरोच्या गाडीत काळी वायर म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा १२ व्होल्टचा प्लस, आणि अर्थ असते हिरवी. काळ्याला काळी जोडली तर चावी बंद असेपर्यंत काहीच होत नाही. चावी फिरवली की तो प्लस किटच्या अर्थवर येतो, आणि किटची अर्थ दुसरीकडेही फ्रेमला लागलेली असेल तर गाडीचा मेन फ्यूज जातो. मी पहिल्यांदा भावाच्या स्प्लेंडरवर नेमकं हेच केलं होतं. दोन फ्यूज घालवल्यावर मीटर लावला आणि मग डोक्यात प्रकाश पडला.

होंडाच्या पद्धतीत लाल बॅटरीचा प्लस, काळी चावीनंतरचा प्लस, हिरवी अर्थ, केशरी डावा इंडिकेटर, फिकी निळी उजवा इंडिकेटर, करडी फ्लॅशरची (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीची). यामाहाच्या पद्धतीत काळी म्हणजेच अर्थ, चॉकलेटी डावा आणि गडद हिरवी उजवा इंडिकेटर. म्हणजे होंडाच्या सवयीने यामाहाच्या हिरव्या वायरीला अर्थ समजलात तर उजव्या इंडिकेटरवर जाऊन बसाल. म्हणून रंग बघा, पण विश्वास मीटरवर ठेवा. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या मायनसला धरा, लाल टोक शोधायच्या वायरीला. डावा इंडिकेटर चालू केल्यावर १२ व्होल्ट येतो-जातो असा दिसला तर तीच डावी. मग रंग कुठलाही असो.

जागा आणि जोडणी

चावी बंद करा. बॅटरीचं मायनस आधी सोडवा, मग प्लस. लावताना उलट: प्लस आधी, मायनस शेवटी. मायनस जोडलेलं असताना प्लसचा बोल्ट सोडवायला गेलात आणि पाना फ्रेमला टेकला, तर पान्याला ठिणगी पडून बॅटरी शॉर्ट होते.

डबा सीटखाली, बॅटरी आणि सायलेन्सरपासून लांब, वायरीची तोंडं खाली येतील असा बसवा. वायर वर आणि डबा खाली असेल तर पाणी वायरीवरून ओघळत थेट डब्यात जातं. डबा फ्रेमला घट्ट असू द्या. फोमवर ठेवला किंवा सैल बांधला तर सेन्सरला धक्का नीट कळत नाही, किंवा डबा स्वतःच हलून अलार्म वाजवतो.

आता अर्थ. माझं मत ठाम आहे: फ्रेमच्या बोल्टवर अर्थ घेऊच नका, काळी वायर रिंग टर्मिनल लावून थेट बॅटरीच्या मायनसला आणा. एक फूट वायर जास्त लागते आणि निम्मी दुखणी जन्मालाच येत नाहीत. वायर पुरत नसेल आणि फ्रेमवरच घ्यावी लागली, तर बोल्ट काढून त्याखालचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, रिंग टर्मिनल बसवा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. व्हॅसलीन आधी लावू नका, धातूला धातू भिडल्यावर वरून.

लाल वायर बॅटरीच्या प्लसला, मध्ये फ्यूज. तो बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर फ्रेमला घासून सोलली तर तिला वाचवणारं काही नसतं. किटमध्ये बॅटरीजवळ योग्य फ्यूज दिलेला असेल तर तोच ठेवा. नसेल तर हिशेब करा: १० वॅटचे चार इंडिकेटर एकदम पेटले की ४० वॅट, म्हणजे साधारण ३.३ अँपिअर, आणि सायरनचा एखादा अँपिअर. पाचाचा फ्यूज काठावर राहतो, म्हणून साडेसात. एलईडी इंडिकेटर असतील तर तीन अँपिअर पुरतो. अलार्मचा प्लस गाडीच्या चावीनंतरच्या लाइनवरून घेऊ नका, चावी काढली की अलार्मही मेला.

इंडिकेटरच्या वायरी शक्यतो मागच्या इंडिकेटरच्या कपलरजवळ जोडा, तिथे मूळ वायरिंग उघडायला लागत नाही. टेबलावर बझर वाजला होता ना? तसं असेल तर डावा इंडिकेटर लावल्यावर करंट डब्यातून फिरून उजव्यालाही जाईल आणि चारही लुकलुकतील. उपाय म्हणजे प्रत्येक वायरीत एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), रुपेरी पट्टी इंडिकेटरच्या बाजूला. दुकानदार १एन४००७ देईल, तो १ अँपिअरचा आहे. एका बाजूचे दोन बल्ब २० वॅटचे, म्हणजे जवळपास १.७ अँपिअर, त्याला तो झेपत नाही, तापून जातो. १एन५४०८ मागा, तो ३ अँपिअरचा आहे. दोन्ही मिळून चहाच्या कपाएवढे पैसे.

जोड करताना वायरीची टोकं एकमेकांत पिळा, सोल्डर करा आणि श्रिंक ट्यूब चढवा. ट्यूब वायरीत आधी ओवायची असते, सोल्डर झाल्यावर आठवली तर जोड तोडावा लागतो. सोल्डर झालेली वायर त्या जागी कडक होते, आणि कडक भाग जिथे संपतो तिथेच ती गाडीच्या कंपनाने तुटते. म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना केबल टाय मारून वायर फ्रेमला टेकवा. हँडल वळवून बघा, वायर कुठे ताणते का. टाकीखालून नेलेली वायर टाकी आणि फ्रेमच्या मध्ये चिमटत नाही ना, तेही बघा.

सायरनचं तोंड खाली. वर तोंड केलेला सायरन म्हणजे पावसाळ्यात पाण्याची वाटी. कानाच्या उंचीवर, रस्त्याच्या बाजूलाही नको, चोर आधी त्याचीच वायर कापतो.

डब्यातून एक सुटी बारीक वायर बाहेर येते, कशालाच न जोडलेली. ती अँटेना. रिमोट ४३३ मेगाहर्ट्झवर चालत असेल तर तिची लांबी साधारण १७ सेंटिमीटर असते, कारण त्या लहरीच्या लांबीचा पाव भाग तेवढाच येतो. ती कापू नका, गुंडाळू नका, फ्रेमला घट्ट बांधू नका. सीटच्या प्लास्टिकलगत सरळ सोडा. "रिमोट जवळ आल्याशिवाय चालत नाही" अशी तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांत ही वायर मला कायम इतर वायरींबरोबर टेपमध्ये कोंबलेली सापडली आहे.

इंजिन बंद ठेवणारी जोडणी

हा भाग ऐच्छिक आहे. मीटर वापरायचा सराव नसेल तर सोडून द्या, अलार्म याशिवायही चालतो.

पुष्कळ किट इग्निशनची लाइन तोडायला सांगतात. मी ते करत नाही. त्यातला जोड चालत्या गाडीत सुटला तर घाटात, मागे ट्रक असताना इंजिन बंद पडेल. मी फक्त सेल्फ स्टार्टरच्या रिलेला (विजेने चालणाऱ्या स्विचला) जाणारी बारीक वायर तोडतो. होंडाच्या पद्धतीत ती पिवळी आणि तिच्यावर लाल रेघ अशी असते, आणि सेल्फचं बटण दाबल्यावरच तिच्यावर १२ व्होल्ट येतो. तो आलेला बघितल्याशिवाय कापू नका. यात इंजिन एकदा चालू झालं की अलार्मचं काहीही होवो, गाडी चालत राहते. चोर किक मारू शकतो हे खरं. त्यासाठी साखळी आहे.

किटमधून अलार्म लागला (म्हणजे रिमोटने लॉक केलेला) असताना अर्थ देणारी आउटपुट वायर येत असेल तर पाच पिनांचा १२ व्होल्टचा रिले घ्या. कापलेल्या वायरीची दोन टोकं ३० आणि ८७ए या पिनांना. ८६ ला चावीनंतरचा प्लस, ८५ ला अलार्मची ती आउटपुट वायर. ३० आणि ८७ए रिले बंद असताना जोडलेले असतात, म्हणजे अलार्म पूर्ण मेला तरी सेल्फ लागतो.

८६ ला बॅटरीचा थेट प्लस का नाही? कारण मग अलार्म लागला असेपर्यंत रिले सतत ओढलेला राहील. त्याची कॉइल साधारण १५० मिलीअँपिअर खाते. ३ अँपिअर-आवरची बॅटरी वीस तासांत सपाट. चावीनंतरच्या प्लसवर असला की रिले फक्त तेव्हाच ओढतो, जेव्हा अलार्म लागलेला असताना कोणी चावीची लाइन चालू करतं.

बीएस-६ इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू, इंजेक्टर, सेन्सर यांच्या कुठल्याही वायरीला हात लावू नका. बॅटरी, अर्थ, इंडिकेटर, एवढंच.

किती करंट खातो ते मोजा

अलार्म बसला, वाजला, सगळे खूश, आणि आठ दिवसांनी गाडी सेल्फ घेत नाही. गणपतीला कोकणात गेलेला माणूस परत येतो तेव्हा हमखास. हिशेब साधा आहे. अ‍ॅक्टिव्हा किंवा स्प्लेंडरसारख्या गाडीत बॅटरी ३ अँपिअर-आवरची, म्हणजे ३००० मिलीअँपिअर-आवर. अलार्म १० मिलीअँपिअर खात असेल तर ३०० तासांत, साडेबारा दिवसांत ती पूर्ण रिकामी. सेल्फ त्याच्या बराच आधी, सहाव्या-सातव्या दिवसापासूनच कुरकुरतो. तोच अलार्म ३ मिलीअँपिअर खात असेल तर चाळीस दिवस निघतात.

मोजायची रीत: चावी बंद, बॅटरीचं मायनस सोडवा. मीटर आधी १० अँपिअरच्या रेंजवर ठेवा, लाल टोक सुटलेल्या मायनसच्या केबलला, काळं बॅटरीच्या मायनसला. अलार्म लॉक करा, लुकलुकणं थांबू द्या. आकडा अगदी बारीक दिसला की मीटर २०० मिलीअँपिअरच्या रेंजवर आणा. मीटर असा मध्ये असताना चावी फिरवू नका, सेल्फ तर मुळीच दाबू नका, मीटरचा फ्यूज जाईल. ३ ते ८ मिलीअँपिअर मी चालवून घेतो. १५ च्या वर आकडा दिसला तर अलार्मचा कपलर काढून पुन्हा मोजतो. आकडा खाली आला तर डबा किंवा रिले दोषी, तसाच राहिला तर गाडीत दुसरीकडे गळती आहे. जीपीएस ट्रॅकर किंवा मोबाइल चार्जर कोणी आधी बसवलाय का ते बघा.

सेन्सर कितीवर ठेवायचा

सगळ्यांना वाटतं जास्त संवेदनशील म्हणजे जास्त सुरक्षित. दर रात्री उगाच वाजणाऱ्या गाडीकडे चौथ्या दिवशी कोणी बघत नाही, आणि पाचव्या दिवशी खरा चोर आला तरी बघणार नाही. सर्वांत कमी पातळीपासून सुरुवात करा. सीटवर तळहाताने जोरात थाप मारल्यावर वाजला पाहिजे, नुसता हात टेकल्यावर नाही. मग गाडी स्टँडवरून उतरवा, वाजला पाहिजे. शेजारची गाडी बाहेर काढताना हलकी टेकली तर फक्त चुकचुकला पाहिजे.

मेन स्टँडवर गाडी घट्ट उभी राहते, साइड स्टँडवर वाऱ्यानेही डुलते. रोज जशी लावता तशीच उभी करून पातळी ठरवा. पुण्यात ढोल-ताशा पथक जवळून गेलं किंवा दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला की कमी पातळीवरचाही वाजेल, त्या दिवसांपुरता सेन्सर बंद ठेवायची सोय बहुतेक रिमोटवर असते. शेजाऱ्यांचा विचार कायद्यानेही करायला लावला आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाची रात्री १० ते सकाळी ६ ची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि आपला सायरन जवळून शंभरच्या पुढे जातो.

बिघाड शोधताना

उगाच वाजतो. पातळी कमी करूनही वाजत असेल तर अर्थ तपासा. सायरन वाजत असताना मीटरचं काळं टोक बॅटरीच्या मायनसच्या खांबावर, लाल टोक अलार्मच्या काळ्या वायरीवर डब्याजवळ. ०.२ व्होल्टच्या वर आकडा दिसला तर मधला एखादा जोड खराब आहे. तसंच प्लसच्या बाजूला, बॅटरीच्या प्लसपासून डब्याच्या लाल वायरीपर्यंत. या एका चाचणीने मी जितके अलार्म सुधारले तितके दुसऱ्या कशानेच नाही. पावसातच वाजत असेल तर कपलर उघडून बघा: हिरवी पूड दिसली तर घासून साफ करा, वाळवा, व्हॅसलीन लावा. गाडी प्रेशरने धुतल्यावर सुरू झालं असेल तर एक दिवस उन्हात सुकू द्या, मग बघा. सीटखाली उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर सगळी वायर बोटांनी चाचपा.

सायरन नुसता टिकटिकतो किंवा घोगरा वाजतो. बॅटरी मोजा. गाडी काही तास बंद उभी राहिल्यावर १२.६ च्या आसपास हवी. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. इंजिन जरा रेस करून टोकांवर १३.८ ते १४.५ येत नसेल तर दोष चार्जिंगचा आहे, अलार्म बिचारा फक्त तो दाखवतोय.

चावी फिरवली की फ्यूज जातो. वरचा काळ्याला काळीचा प्रकार. अलार्मचा कपलर काढून नवा फ्यूज लावा. तरीही गेला तर जोड करताना मूळ वायरिंग कुठेतरी सोललं आहे.

रिमोट चालत नाही. आधी सेल बदला, छोट्या १२ व्होल्टच्या २७ए सेलचा रिमोट असेल तर तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. दिवा लागतो म्हणजे सेल चांगला असं नाही, दिव्याला फार थोडी ताकद लागते. दुसरा रिमोट चालत असेल तर पहिला डब्याच्या लक्षातून गेला आहे, कागदातल्या रीतीने पुन्हा शिकवा. दोन्ही चालत नसतील तर डब्याचा सप्लाय आणि फ्यूज बघा.

सेल्फ दाबल्यावर टक आवाज येतो पण इंजिन फिरत नाही: बॅटरी. टकसुद्धा येत नाही: आधी क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये बघा, मग आपण बसवलेला रिले. तो उपसा आणि ३० व ८७ए च्या जागी वायरीचा एक तुकडा टाका. सेल्फ लागला तर रिले किंवा त्याच्या जोडण्यांत दोष आहे. हा तुकडा, दोन्ही टोकांना पिन लावून, मी टूलकिटमध्येच ठेवतो.

इंडिकेटर चारही एकदम लागतात, ते वर डायोडमध्ये आलं. अलार्म बसवल्यावर इंडिकेटर भराभर लुकलुकायला लागले तर जोड करताना एखाद्या बल्बची वायर सुटली आहे, तो बल्ब पेटतोय का ते बघा.

आणि रस्त्यात, रिमोट हरवलाय, अलार्म लागलेला आहे, अशी वेळ कधीतरी येते. म्हणून डब्याचा मुख्य कपलर असा ठेवा की सीटची चावी लावल्यावर एका हाताने निघेल, पण सीट बंद असताना बाहेरून बोटही पोचणार नाही. काकूंनी हाक मारली त्या रात्री तेवढं एक तरी दुकानदाराने बरोबर केलं होतं. आता माझ्या सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद आहे: किटची कुठली वायर गाडीच्या कुठल्या वायरीला, फ्यूज कुठे, रिले कुठे, बसवला त्या दिवशी मोजलेला करंट. माझ्याकडे ४ मिलीअँपिअर लिहिलेत. दर पावसाळ्याच्या आधी मोजतो आणि त्याच्याखाली नवा आकडा लिहितो.